काम मागणे निराळे, हक्क सांगणे निराळे

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात कडोदरा येथे केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने पंचवीस वर्षांत आजाऱ्यांना औषधपाणी दिले, मुलांना वह्यापुस्तके दिली, आणि परमुलखात एखाद्या घरी दुःखाचा प्रसंग आला तर खांदा देण्यास माणसे उभी केली. हे काम फार मोठे आहे. त्याची स्तुती करण्यास माझ्यापेक्षा योग्य माणसे या व्यासपीठावर आहेत. मला नेमून दिलेला विषय थोडा रुक्ष आहे, आणि मी वकील असल्यामुळे तो माझ्याच गळ्यात पडला.

विषय असा निघाला. मागील बैठकीत आपल्या काही तरुण सभासदांनी एक योजना मांडली. योजना मोबाईलवरची आहे. वर्षाला ठराविक रक्कम भरली म्हणजे वकिलाचा सल्ला मिळेल. शिवाय आपण आणखी पाच सभासद आणले तर त्यांच्या वर्गणीतून आपल्याला वाटा, आणि त्या पाचांनी पुढे पंचवीस आणले तर त्यातूनही वाटा. तरुणांचे म्हणणे, ‘काका, यात समाजाची सेवाही होते आणि चार पैसेही सुटतात.’ विश्वस्तांनी मला विचारले, हे कितपत योग्य? त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर देता आले असते. परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मला स्वतःला बरीच वर्षे टोचत आहे. म्हणून मी वेळ मागून घेतला.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की साखळी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आपण इकडे आलो ते कोणाची जाहिरात वाचून आलो काय? तापी खोऱ्याच्या रेल्वेने कोणाचा तरी मामा आधी आला. उधन्याला किंवा इथे चलथाणला उतरला. डाइंगच्या मिलमध्ये लागला. मग त्याने गावी निरोप पाठविला की खात्यात एक जागा आहे, भाच्याला पाठवा. भाच्याने मित्राला आणले, मित्राने मेहुण्याला. खोली कोठे मिळेल, किराणा उधारीवर कोण देतो, मुलीसाठी स्थळ कोणते चांगले, हे सर्व आपण याच साखळीतून कळवून घेतले. कडोदरा, पलसाणा, लिंबायत, डिंडोली येथील आपली वस्ती अशी एकमेकांचा हात धरून उभी राहिली. तेव्हा ‘नेटवर्क’ हा शब्द इंग्रजी असला तरी त्यामागील गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. फरक एवढाच की मामाने भाच्याकडून त्याबद्दल टक्केवारी घेतली नाही.

आता वकिली सल्ला साखळीने विकण्याची कल्पना कोठून आली ते सांगतो. ती अमेरिकेतली आहे. तेथील ओक्लाहोमा राज्यात एडा नावाच्या गावी हार्लन्ड स्टोनसायफर नावाचे गृहस्थ होते. मोटारीच्या एका अपघातानंतर त्यांना वकिलाच्या खर्चाचा चटका बसला. तेव्हा त्यांच्या मनात आले की, रुग्णालयाच्या खर्चासाठी विमा असतो, तसा वकिलाच्या खर्चासाठी का नसावा? त्यातून १९७२ साली एक कंपनी निघाली, तीच पुढे ‘प्री-पेड लीगल’ या नावाने प्रसिद्ध झाली. सभासद दरमहा थोडी रक्कम भरतो, कंपनी वकिलांच्या पेढीशी करार करते, आणि सभासदाने फोन केला म्हणजे पेढी सल्ला देते. हे सभासदत्व घरोघर विकण्यासाठी कंपनीने विक्रेत्यांची साखळी उभारली. नवा विक्रेता आणणाऱ्यालाही त्यात लाभ असतो. २०११ साली या कंपनीने ‘लीगलशील्ड’ असे नाव धारण केले.

या कल्पनेत जो चांगला अंश आहे तो नाकारू नये. साध्या माणसाला वकिलाच्या दाराशी जाण्याची भीती वाटते. किती पैसे लागतील हे ठाऊक नसते. ‘आधीच थोडे भर, मग निर्धास्तपणे विचार’ असे कोणी म्हटले तर त्याला धीर येतो. गरज खरी आहे, म्हणूनच आपल्या तरुणांना ती योजना पटली.

परंतु आपल्या देशाचा कायदा या वाटेने जाऊ देत नाही, आणि माझ्या मते त्यात शहाणपण आहे. भारतीय वकील परिषदेचा छत्तिसावा नियम सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागू नये. पत्रके काढू नयेत, दलाल नेमू नयेत, जाहिरात करू नये. पाटीसुद्धा बेताची असावी. २००८ साली या नियमात एवढी सवलत मिळाली की वकिलाने इंटरनेटवर आपले नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामे करतो एवढी माहिती ठेवावी. त्यापुढे नाही. आणखी दोन नियम आहेत, ते आपल्या योजनेला थेट लागू पडतात. वकिलाने आपल्या मोबदल्यात वकील नसलेल्या माणसाला भागीदार करू नये. आणि दाव्यात जे मिळेल त्यात टक्केवारी ठरवून घेऊ नये. म्हणजे पाच सभासद आणणाऱ्याला वकिलाच्या मोबदल्यातून वाटा द्यायचा म्हटले तर वकिलाचीच सनद अडचणीत येते. आणि वाटा केवळ माणसे भरती केल्याबद्दल असेल, तर १९७८ चा पैशाच्या साखळी योजनांना बंदी करणारा कायदा आणि २०२१ चे थेट विक्रीचे ग्राहक संरक्षण नियम आडवे येतात. पिरॅमिडसारखी वर पैसा चढविणारी योजना या नियमांनी मना केली आहे.

हे नियम कागदावर झोपलेले नाहीत. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात काही वकील अशिलांवर अक्षरशः झडप घालीत, एकमेकांच्या हातून कागद हिसकावीत, अशी तक्रार झाली होती. महाराष्ट्राच्या वकील परिषदेने चालविलेले ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७५ साली स्पष्ट केले की वकिली हा बाजारातला धंदा नव्हे. तीच गोष्ट इंटरनेटच्या काळात पुन्हा उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकील परिषदेला सांगितले की संकेतस्थळांच्या द्वारे काम मिळविणाऱ्या वकिलांवर कारवाई करावी. जागा बदलली, न्यायालयाच्या पायरीवरचा दलाल मोबाईलच्या पडद्यावर आला, एवढेच. दलालांची यादी करून त्यांना न्यायालयाच्या आवारात मज्जाव करण्याची तरतूद पूर्वी १८७९ च्या कायद्यात होती. तो कायदा गेला, पण ही तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात आणून ठेवली आहे.

येथपर्यंतचे उत्तर सोपे होते. आता माझा टोचणारा प्रश्न सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका घरचा कर्ता माणूस रात्रपाळीहून परतताना हमरस्त्यावर ट्रकखाली सापडून वारला. नावगाव सांगत नाही. त्यांच्या दुःखाची वाच्यता नको. दहाव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. ओट्यावर तासभर बसलो. चहा घेतला, दोन समाधानाचे शब्द बोललो आणि उठलो. अपघाताच्या भरपाईबद्दल अवाक्षरही काढले नाही. माझ्या मनात आले, मी वकील; दुःखाच्या घरी बसून दाव्याची गोष्ट काढली तर लोक म्हणतील, हा काम मागण्यास आला. छत्तिसावा नियम मला पाठ होता.

मी गप्प राहिलो, परंतु दुसरे कोणी गप्प राहिले नाही. त्याच आठवड्यात एक गृहस्थ मोबाईल आणि रंगीत सभासदपत्र घेऊन आला. त्याने वहिनींना सांगितले की सर्व आमच्याकडे सोपवा, तुम्हाला कोर्टाचे तोंड पाहावे लागणार नाही. कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतल्या. बँकेतून पैसे काढण्याच्या चिठ्ठ्यांवरही आधीच सह्या घेऊन ठेवल्या. पुढे तडजोड झाली, रक्कम जमा झाली, आणि तिचा मोठा हिस्सा त्या साखळीतल्या माणसांनी आपसांत वाटून घेतला. वर्षभराने वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मी कागद पाहून डोक्यास हात लावला. तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही तर दहाव्याला आमच्या ओट्यावरच बसलेले होते. तेव्हाच बोलला असता तर?’’

मंडळी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी नियम पाळला असे मला वाटले होते. खरे पाहता मी नियम नीट समजूनच घेतला नव्हता. काम मागणे निराळे आणि हक्क सांगणे निराळे. ‘वहिनी, हा दावा माझ्याकडे द्या’ असे म्हणणे म्हणजे काम मागणे. ‘वहिनी, कोऱ्या कागदावर सही करू नका, भरपाईचा अर्ज तुम्हाला तुमच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो, सरकारतर्फे मोफत वकील मिळतो’ हे सांगणे म्हणजे शेजारधर्म. त्याला कोणताही नियम आडवा येत नाही. वकील गप्प, सरकार दूर आणि दलाल बोलका, अशी स्थिती असेल तर गरीब माणूस दलालाचेच ऐकणार. दोष ऐकणाऱ्याचा नव्हे.

आपल्या या भागाला तर हे विशेषेकरून समजले पाहिजे. कारण गरिबाला कायद्याची मदत मिळावी हा विचार ज्या ज्या पायऱ्यांनी वर आला, त्यातील कित्येक पायऱ्या मुंबई-गुजरातच्याच आहेत. सुरत जिल्हा मुंबई राज्यात होता त्या वेळी, १९४९ साली, न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने कायदेविषयक साहाय्याची समिती नेमली. पुढे गुजरात वेगळे झाल्यावर १९७० साली त्यांचेच चिरंजीव, गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती पी. एन. भगवती, यांच्या अध्यक्षतेखाली गुजरात सरकारने पुन्हा तशीच समिती नेमली. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्याचे कलम ३९-अ संविधानात आले. १४ मार्च १९८२ रोजी सौराष्ट्रातील ऊना येथे लोकअदालत भरली. अशा प्रकारची ती पहिली मानली जाते. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे बारावे कलम मी आज आपणा सर्वांस पाठ करून घेण्यास सांगणार आहे. मोफत वकील कोणाला मिळतो? अनुसूचित जाती व जमातींच्या माणसाला मिळतो. स्त्रियांना आणि मुलांना मिळतो. अपंगांना मिळतो. कोठडीत असलेल्याला, आपत्तीत सापडलेल्याला मिळतो. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा ज्याचे उत्पन्न कमी त्यालाही मिळतो. आणि या यादीत एक शब्द आहे तो इथे, कडोदऱ्यात, सोन्याच्या अक्षरांनी लिहिला पाहिजे: औद्योगिक कामगार. डाइंगच्या खात्यात, लूमवर, छपाईच्या मशीनवर उभा असणारा आपला माणूस या यादीत आहे. त्याच्या घरची स्त्री तर स्त्री म्हणूनच यादीत आहे; तिने उत्पन्नाचा दाखला आणण्याचेही कारण नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, हे सर्व त्यात येते. अर्ज सुरतच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करावयाचा. वाद मिटण्याजोगा असेल तर लोकअदालतीत मिटतो; तेथील निवाडा अंतिम असतो, आणि चालू दावा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपले तरुण वर्गणी भरण्यास निघाले, तिच्यातली पुष्कळशी आपल्यातल्या बहुतेक घरांना आधीच, फुकट, हक्काने मिळालेली आहे. आपण ती घेत नाही कारण आपल्याला ती कोणी सांगितली नाही.

मग इंटरनेटचे काय करावयाचे? ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. दलालाने ते वापरले म्हणून आपण दूर ठेवावे, हे सुरीने बोट कापले म्हणून भाजी न चिरण्यासारखे होईल. मला स्वतःला ते उशिरा शिकावे लागले, नातवाने शिकविले. जे शिकलो त्यातले उपयोगाचे तेवढे सांगतो.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे; मोफत कायदेसाहाय्यासाठी तेथे फोन करता येतो. ‘टेली-लॉ’ नावाची सरकारी सेवा २०१७ पासून सुरू आहे. सामाईक सेवा केंद्रातून किंवा मोबाईलवरून सरकारने नेमलेल्या वकिलाशी बोलता येते, आणि त्यास पैसे पडत नाहीत. ज्याचा दावा चालू आहे त्याला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक घातला की पुढली तारीख आणि आधी झालेले हुकूम दिसतात. ‘तारीख पडली, साहेब रजेवर होते’ असे सांगून दर खेपेस पैसे घेणाऱ्याची पंचाईत या एका क्रमांकाने होते. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला फी नाही. आपल्या गुजरात उच्च न्यायालयाचे कामकाज तर २०२० च्या ऑक्टोबरपासून यूट्यूबवर दाखविण्यास सुरुवात झाली. न्यायालय कसे चालते हे आपल्या मुलांनी एकदा अवश्य पाहावे. मनातली निम्मी भीती जाते.

याबरोबरच एक सावधगिरी. वकिलाचा, पोलिसाचा किंवा न्यायाधीशाचा वेष घालून मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे भामटे आज पुष्कळ झाले आहेत. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे पाठवा’ असे ते सांगतात. आपल्या देशाच्या कायद्यात अशा नावाची अटकच नाही. कोणी असे म्हणाला की फोन ठेवावा, आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

परंतु केवळ क्रमांक सांगून काम होत नाही, हेही मी जाणतो. दुःखात असलेली बाई मोबाईल काढून संकेतस्थळ शोधीत बसणार नाही. तिला तिच्या ओट्यावर येऊन बसणारे माणूस पाहिजे. येथे मला बारडोलीची आठवण होते. आपल्या चौकातून पूर्वेकडे जाणारा रस्ता त्या गावी जातो. १९२८ च्या सत्याग्रहाची गोष्ट आपण सर्व जाणतो. वल्लभभाई तेथे सरदार झाले. परंतु सत्याग्रह संपल्यानंतर जे घडले ते कमी लोक सांगतात. सरकारने ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली. शेतकऱ्यांची बाजू मांडण्यास आरंभी भुलाभाई देसाईंसारखे नामांकित वकील होते. परंतु गावोगाव जाऊन शेतकऱ्यांचे आकडे, खंडाच्या नोंदी, खर्चाचे हिशेब जमविले ते महादेवभाई देसाई, नरहरी परीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्या हिशेबांपुढे सरकारचा आकडा टिकला नाही. बावीस टक्क्यांची सारावाढ समितीने सुमारे सहा टक्क्यांवर आणली. वकिलाचे वक्तृत्व आणि घरोघर फिरणाऱ्या माणसाची वही या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा न्याय मिळाला. आणि त्या वहीवाल्यांनी शेतकऱ्याकडे टक्केवारी मागितली नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी आहे की आपण साखळी अवश्य करावी; फक्त तिच्यातून दलाली काढून टाकावी. विश्वस्तांच्या विचारासाठी पाच गोष्टी मांडतो.

पहिली. प्रत्येक चाळीतून, सोसायटीतून दोन माणसे निवडावीत; त्यातली एक स्त्री असावी. विधी सेवा प्राधिकरण २००९ पासून ‘पॅरा लीगल व्हॉलंटियर’ म्हणून सामान्य नागरिकांना शिकविते. हे वकील नव्हेत; माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन पोहोचविणारे आहेत. आपल्या तरुणांनी, ज्यांना पाच सभासद आणावयाचे होते, त्यांनी या शिक्षणासाठी प्रथम नावे द्यावीत.

दुसरी. ट्रस्टच्या व्हॉट्सॲप समूहात आठवड्यातून एकदा कायद्याची एक गोष्ट चार ओळींत, मराठीत, घालावी. फक्त सर्वसाधारण माहिती. कोणाचे कागद, कोणाचे घरगुती भांडण, कोणाच्या आधारपत्राचे चित्र समूहात येता कामा नये. खाजगी गोष्ट माणसाजवळ सांगावी, चव्हाट्यावर नव्हे.

तिसरी. प्रत्येक घरी एक पिशवी असावी. पगाराची चिठ्ठी, गेटपास, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, विम्याचे कार्ड, खोलीच्या भाड्याचा करार, गावाकडील सातबारा, हे सर्व तीत असावे आणि मोबाईलमध्ये त्यांचे फोटो असावेत. माझ्या अनुभवात जितकी प्रकरणे कायद्याअभावी बुडाली, त्याहून अधिक कागदाअभावी बुडाली. अमुक खात्यात कामावर होता हेच सिद्ध करता येत नाही, मग पुढले सर्व व्यर्थ.

चौथी. अपघाताच्या घरी दहाव्याच्या आधी आपला स्वयंसेवक गेलाच पाहिजे. हमरस्ता आपल्या उंबऱ्याशी आहे, तेव्हा ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली गेली आहे, परंतु त्या भरवशावर कोणी राहू नये. दावा अपघात झाला तेथेच केला पाहिजे असे नाही. अर्जदार जेथे राहतो तेथेही करता येतो. घरातील मंडळी धुळ्या-जळगावास राहत असतील तर त्यांनी सुरतेस खेपा घालण्याचे कारण नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तरीही त्याच तारखेपासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये भरपाई आहे. हे सांगण्यास वकील लागत नाही. ओट्यावर बसणारा शेजारी पुरतो.

पाचवी आणि शेवटची. ट्रस्टने एक वही ठेवावी. कोण आले, कोणत्या दारी पाठविले, पुढे काय झाले, एवढे तीत लिहावे. आणि तिच्या पहिल्या पानावर लिहावे की या कामाबद्दल कोणाकडूनही, कोणत्याही रूपाने, काहीही घ्यावयाचे नाही. अशिलाकडून नाही आणि वकिलाकडूनही नाही. चहासुद्धा आपल्या पैशाचा.

यावर कोणी विचारील, आणि बैठकीत एका तरुणाने विचारलेही, की फुकटच्या वकिलाला कामाची आस्था असते काय? प्रश्न रास्त आहे. नेमून दिलेले सर्वच वकील सारखे कष्ट घेतात असे मी माझ्या बंधुवर्गाविषयीही म्हणणार नाही. परंतु त्यावरही उपाय वहीच आहे. ज्या अशिलामागे दोन माणसे उभी आहेत, जे तारखेस हजर राहतात, सीएनआर क्रमांक पाहून प्रश्न विचारतात, त्यांचे काम सहसा कोणी टाळीत नाही. वकिलाचे काम ढिले वाटले तर प्राधिकरणाकडे अर्ज करून दुसरा मागता येतो. आणि ज्याला ऐपत आहे त्याने आपल्या पसंतीचा वकील जरूर करावा, फी द्यावी, पावती घ्यावी. फक्त टक्केवारी देऊ नये.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: मोबदल्याशिवाय तरुण हे काम किती दिवस करतील? याचे उत्तर मी कायद्याच्या पुस्तकातून देऊ शकत नाही. पंचवीस वर्षे या ट्रस्टमध्ये जी मंडळी पाळी संपवून रुग्णालयात डबे पोहोचवीत आली, ती माझ्यासमोर बसली आहेत. तरुणांनी त्यांनाच विचारावे.

मी माझ्यापुरते सांगतो. दर रविवारी सकाळी दोन तास मी ट्रस्टच्या खोलीत बसेन. तेथे आलेल्या कोणाचेही काम मी स्वतःकडे घेणार नाही. फक्त ऐकेन आणि दार दाखवीन. हे मी उपकार म्हणून करीत नाही. त्या ओट्यावर मी एक तास गप्प बसलो होतो, त्या तासाची ही फेड आहे. वहिनींचे गेलेले पैसे मी परत आणू शकलो नाही. परंतु यापुढे आपल्यातल्या कोणत्याही बहिणीला ‘तेव्हाच बोलला असता तर?’ असे विचारण्याची पाळी येऊ नये, एवढे आपण सर्व मिळून करू शकतो.

ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा मी असेन-नसेन. त्या वेळी ही वही कोणी तरी उघडून वाचावी, आणि तिची पाने भरलेली असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.